मुलगी तेरा वर्षांची, घर पावसजवळ, वेड गोल्फचं: बिऱ्हाड हलवायचं का?

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी तेरा पूर्ण, यंदा आठवीत. घर रत्नागिरी-पावस रस्त्याला, आंब्याची बाग. दिवाळीत ती खारघरला मामाकडे गेली, मामाने गंमत म्हणून गोल्फच्या रेंजवर, म्हणजे फटक्यांचा सराव करायच्या जागी, नेलं आणि तिथले कोच म्हणाले, "हिच्या हातात गोल्फ आहे." मे महिन्यात तुम्ही हंगामात अडकलेले, म्हणून आई तिला पुन्हा घेऊन गेली. येताना मामाने गोल्फच्या दोन जुन्या काठ्या (क्लब) दिल्या: पूर्ण फटक्यांसाठी सात नंबरचा आयर्न आणि होलजवळ बॉल घरंगळवायला पटर. तेव्हापासून मुलगी खळ्यात सुपाऱ्या उडवत असते. आता मामा म्हणतो, मायलेकींनी पनवेल-खारघरला बिऱ्हाड करावं. आजी म्हणते, उन्हात काळी पडेल. आणि तुम्ही विचारताय, उशीर झालाय का, खर्च झेपेल का, आणि गोल्फपटू अदिती अशोकसारखं काही आपल्या घरात घडू शकतं का.

मी नवी मुंबईत मुलामुलींना गोल्फ शिकवते. माहेर गुहागरकडचं, त्यामुळे फवारणीच्या दिवसांत बाग सोडून कोण जाणार, हे मला वेगळं समजावून सांगायला नको.

माझं मत आधीच सांगून टाकते. आत्ता बिऱ्हाड हलवू नका. हा प्रश्न अकरावीच्या प्रवेशापर्यंत लांबवता येतो. तोवर मुलीने करायचं निम्म्याहून जास्त काम पावसला बसून होतं, आणि जे होत नाही त्यासाठी रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस आहे.

कोचने दोन भेटींत काय पाहिलं असेल त्याचा मला अंदाज आहे, कारण आम्ही सगळे तेच बघतो. नजर आणि हात यांचा मेळ बसतो का, फटका मारून झाल्यावर अंगाचा तोल राहतो का, आणि एक फटका फसला की पुढचा घाईने मारते की जरा थांबते. हे जमलेलं दिसलं की आम्ही खूश होतो, तोंडून चार चांगले शब्द जातात, आणि ते खरेही असतात. पण रेंजवर पायाखाली सपाट मॅट असते. बॉल दर वेळी तसाच ठेवलेला, समोर मोकळं रान, वाकडा गेला तर बादलीत दुसरा. मैदानावर बॉल उतारावर थांबतो, गवतात बुडतो, झाडामागे जातो, आणि प्रत्येक फटका मोजून कार्डावर चढतो. अठरा होल खेळायला चार-साडेचार तास लागतात. त्यात प्रत्यक्ष फटके मारण्यात जातात ती थोडी मिनिटं. बाकी वेळ चालायचं, आणि चालताना मागचा फसलेला फटका डोक्यातून काढायचा. रेंजवर छान मारणाऱ्या मुली पहिल्या राउंडला सव्वाशेच्या पुढचं कार्ड घेऊन येतात, हे आमच्याकडे नेहमीचंच. त्यात वाईट काही नाही. फक्त रेंजवरच्या फटक्याकडे बघून दोन चुली मांडायच्या नाहीत.

मग कशाकडे बघायचं? कार्डाकडे. गोल्फमध्ये कुणाची मुलगी, कुठल्या क्लबची, स्विंग किती देखणा, हे सगळं मागे पडतं आणि कागदावरचा फटक्यांचा आकडा उरतो, जितका कमी तितका चांगला. पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत असे धरलेले फटके. ७२ पारच्या मैदानात दर होलला दोन पट (पटरचे फटके) धरलेले असतात, म्हणजे बहात्तरातले छत्तीस फटके ग्रीनवरचेच, होलभोवतीच्या आखूड गवतावरचे. त्यात ग्रीनच्या कडेने मारायचे छोटे, उचललेले फटके (चिप) आणि बंकरमधले, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातले, फटके मिळवा. खेळाचा मोठा अर्धा भाग पन्नास यार्डांच्या आत होतो, आणि तुमच्या खळ्याची, परसाची लांबी त्याच्या आसपास भरेल.

अदितीचं नाव तुम्ही काढलंत म्हणून तिचीच कार्डं बघू. टोकियो ऑलिंपिक २०२१ साली झालं तेव्हा ती जागतिक क्रमवारीत २०० वी होती. त्याआधी कोविड होऊन गेलेला, अंगातली ताकद घटलेली, आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वात लांब मारायच्या क्लबच्या, अंतरात ती साठ खेळाडूंमध्ये तळाकडे. चार दिवसांची कार्डं अशी: ६७, ६६, ६८, ६८. पंधरा अंडर पार. सुवर्ण जिंकणारी नेली कोर्डा सतरा अंडर. अदितीला कोर्डापेक्षा किती मागून दुसरा फटका मारायला लागायचा, तरी चार दिवसांत फरक दोनच फटक्यांचा. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं आणि चौथा क्रमांक आला. हे सगळं तिने पटरवर आणि छोट्या फटक्यांवर ओढून आणलं होतं. तुमची मुलगी किती लांब मारते हे तुम्ही प्रश्नात दोनदा लिहिलंय. तीन फुटांवरून दहापैकी किती पट आत घालते, हे एकदाही नाही.

आणखी एक कार्ड. हांगझोचे आशियाई खेळ, २०२३. पहिल्या तीन दिवशी ६७, ६६, ६१. शेवटच्या दिवशी सात फटक्यांची आघाडी घेऊन उतरली आणि ७७ झाले. थायलंडची अर्पिचाया युबोल पुढे गेली, अदितीला रौप्य. आशियाई खेळांत गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, पण त्या संध्याकाळी तिला काय वाटलं असेल याचा विचार करा. एकसष्ट आणि सत्त्याहत्तर, लागोपाठच्या दिवशी, एकाच मुलीचे, त्याच मैदानावर. हा खेळ घरात आणायचा तर असे दिवस जेवणाच्या ताटावर येणार. तेव्हा ताटावर काय बोलायचं आणि काय नाही, हे आईवडिलांना मुलीच्या आधी शिकावं लागतं.

आता तिच्या वाटचालीतली एक बाजू, जी बातम्यांत फारशी येत नाही. अदिती बेंगळुरूची. शहरातच कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदान आणि रेंज, तिथे पाच-सहा वर्षांची असताना सुरुवात. २०१५ च्या डिसेंबरात, सतराव्या वर्षी, तिने लेडीज युरोपियन टूरची, म्हणजे युरोपातल्या व्यावसायिक महिलांच्या स्पर्धामालिकेची, पात्रता स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिक, आणि नोव्हेंबरात गुरुग्रामला इंडियन ओपन जिंकून त्या टूरवर विजेती ठरणारी पहिली भारतीय. दुसरी गोल्फपटू दीक्षा डागर हरियाणाची, डावखुरी, लहानपणापासून ऐकू येण्याची अडचण, लष्करात कर्नल असलेल्या वडिलांनी शिकवलेली. २०१९ मध्ये अठराव्या वर्षी तिने दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन जिंकली. डेफलिंपिकमध्ये, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या ऑलिंपिकमध्ये, तिने २०१७ ला रौप्य आणि त्यापुढच्या खेपेला सुवर्ण मिळवलं. तिसरी गोल्फपटू प्रणवी उर्स म्हैसूरची, तिथेही गावातच मैदान. या मुलींना शाळा सुटल्यावर नऊ होल खेळून दिवेलागणीला घरी येणं शक्य होतं. तुमच्या मुलीला नाही. मामा म्हणतो ते यासाठी, आणि तेवढ्यापुरतं तो बरोबर आहे.

उशीर झालाय का? सतराव्या वर्षी व्यावसायिक व्हायचं असेल तर हो, ती गाडी गेली. पण वेळापत्रक ते एकच नाही. अमेरिकेच्या एलपीजीए या व्यावसायिक महिलांच्या टूरला तर सहसा वयाची अठरा वर्षं लागतात. भारतातल्या बऱ्याच मुली आता बारावीनंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघांकडे बघतात. तिथे चांगली खेळणारीला शिष्यवृत्ती मिळू शकते, चार वर्षं स्पर्धा मिळतात, पदवी हातात येते, आणि व्यावसायिक व्हायचं की नाही हे बाविसाव्या वर्षी ठरवता येतं. तिथले प्रशिक्षक स्पर्धेतली कार्डं मागतात आणि शाळेचे गुणही बघतात. तेराव्या वर्षी सुरू करून तिथवर जाता येतं. सैल सोडायला वेळ मात्र उरत नाही.

मला इथून दिसत नाहीत अशा गोष्टी आहेत, आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. मामाच्या घरात जागा किती आणि मामीची तयारी किती. सणावारी येणारी भाची वेगळी, आणि महिन्याला शनिवार-रविवार क्लबची पिशवी दारात आपटणारी भाची वेगळी. शाळा शनिवारची रजा देईल का. आणि मुख्य म्हणजे हौस तिची आहे की मामाची. तिला सांगा, पुढचे दोन महिने ड्रायव्हर नाही, रेंज नाही, फक्त पटर. तरी ती रोज खळ्यात उतरली तर पुढचं वाचा.

पटिंगपासून सुरू करते. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. घरातल्या पाणी प्यायच्या पेल्याचं तोंड सत्तर-पंच्याहत्तर मिलिमीटरचं. पेला आडवा ठेवून तीन फुटांवरून त्यात बॉल घालायला लावा. बॉलच्या पुढे वीतभर अंतरावर दोन खिळे रोवायचे, मधून बॉल जेमतेम जाईल एवढीच जागा ठेवायची. बॉल खिळ्याला लागला तर पटरचं तोंड वाकडं होतं, पेल्यापर्यंत बघायची गरजच नाही. पावसाळा संपला की तुम्ही खळं करून सारवून घेत असालच. नीट चोपलेल्या, सारवलेल्या खळ्यावर बॉल बऱ्यापैकी सरळ धावतो, आणि कुठे थोडा उतार असेल तर फारच उत्तम, वळण वाचायला शिकेल. पावसात पडवीत सरकेल, पण गुळगुळीत लादीवर नको, तिथे बॉल थांबतच नाही आणि हाताला खोटी सवय लागते. सतरंजी ताणून अंथरा.

चिपसाठी घरात सूप आहे ना? ते पाच, दहा, पंधरा पावलांवर ठेवायचं आणि बॉल उचलून त्यात टाकायचा. बॉल कुठे थांबला याच्याआधी कुठे पडला हे बघायची सवय लागते. हे आमच्याकडे पैसे भरून येणाऱ्या मुलांनाही लवकर पटत नाही. बॉल उंच उचलणारा क्लब, म्हणजे एक वेज, मात्र घ्यावा लागेल, सात नंबरने हे सगळं होणार नाही. वापरलेला चालेल.

पूर्ण फटक्यांसाठी जाळं लागतं, आणि इथे तुम्ही आमच्यापेक्षा सुखी. बंदरावर जुनं मासेमारीचं जाळं मिळतं. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बघून घ्या. बॉल साधारण ४३ मिलिमीटरचा असतो, पण वेगाने आला की दोरा सरकवून मोठ्या आसातून निसटतो. म्हणून अंगठा जेमतेम शिरेल एवढाच आस असू द्या, आणि जाळं दुहेरी घ्या. दोन माडांच्या किंवा बांबूंच्या मध्ये ते ताणून बांधायचं नाही. ताणलं की बॉल उलटा तोंडावर येतो. वरून सैल सोडा, खालचा हातभर भाग जमिनीवर लोळू द्या, म्हणजे बॉल जाळ्यात शिरून तिथेच मरतो. मागे भिंत, गोठा, वाट काहीही नको. उन्हापावसाने दोरा कुजतो, तेव्हा दर महिन्याला हाताने ओढून बघा. पायाखाली जाड काथ्याचं पायपुसणं, आणि त्याखाली माती. जांभ्यावर किंवा सिमेंटवर थेट मॅट टाकून रोज आयर्न मारला तर मनगटं आणि कोपर दुखायला लागतात. तेराव्या वर्षीचं हे दुखणं पुढे फार छळतं. मोजके फटके मारायचे, आणि प्रत्येकाआधी लांबवरचं एक झाड धरून रेषा ठरवायची. जाळ्यात नुसते बॉल बदडण्याने अंगाला घाम येतो, एवढंच.

समुद्राचा मोह आवरा. भाट्याची लांबलचक पुळण बघून ड्रायव्हर काढावासा वाटणार, पण किनाऱ्यावर माणसं असतात, सुरूच्या बनात पोरं असतात, आणि गोल्फचा बॉल डोक्यात बसला तर जीव जाऊ शकतो. किनाऱ्याचा एकच उपयोग सांगते. भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत बंकरचा फटका. सकाळी, आजूबाजूला कुणी नसताना, दहा-पंधरा पावलांपुरता. बॉलला हात लावायचा नाही, बॉलच्या दोन बोटं मागे वाळू कापायची. आधी बॉलशिवाय, नुसती रेघ ओढून, रेघेवरची वाळू पुढे उडते का ते बघायचं. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूत हा फटका शिकू नका, तिथे क्लब आत न शिरता उसळतो आणि बॉल जमिनीलगत सरळ लांब निघतो.

किनाऱ्यावरच्या मुलीला आणखी एक गोष्ट फुकट मिळते: वारा. दुपारी खारे वारे सुटले की सड्यावर उभं राहून बघा, जमिनीलगतचं गवत हळू आणि माडांचे शेंडे जोरात हलत असतात. बॉल ज्या उंचीवरून जातो तिथला वारा मोजायचा असतो. समोरून वारा आला की शहरातली मुलं दातओठ खाऊन जोरात मारतात. जोरात मारलेल्या बॉलला फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो आणि समोरच्या वाऱ्यात तिथेच लटकून खाली येतो. एक-दोन नंबर खालचा, म्हणजे जास्त लांब जाणारा क्लब घ्यायचा, बॉल उभं राहताना थोडा मागच्या पायाकडे, आणि निवांत, आखूड स्विंग. तुमच्या मुलीने हे चौदाव्या वर्षी अंगवळणी पाडलं तर वाऱ्याच्या दिवशी तिच्या गटातल्या इतरांची कार्डं फुगतील आणि तिचं जागेवर राहील.

आता जे पावसला होत नाही ते: खऱ्या मैदानावरचे राउंड. खारघरचं सिडकोचं मैदान सभासद नसलेल्यांनाही पैसे भरून खेळता येतं. जाण्याआधी फोन करून दर आणि वेळ विचारून घ्या. चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा महालक्ष्मीजवळचं विलिंग्डन हे सभासदांचे क्लब, तिथे पाहुणे म्हणून किंवा स्पर्धेपुरतंच जाणं होईल. रात्री रत्नागिरीला गाडीत बसलात की पहाटे अंधारात पनवेल, तिथून लोकलने खारघर. शनिवारी एक राउंड, रविवारी सकाळी कोचबरोबर तास-दीड तास, आणि परत. महिन्यातून एकदा, जमलं तर दोनदा. गणपतीच्या आगेमागे मात्र तिकिटाचा विषयच काढू नका.

महिन्यातून एकदा एवढंसं कसं पुरेल, असं वाटेल. माझ्याकडे रोह्याहून पहाटेच्या गाडीने येणारी एक मुलगी होती, फक्त रविवारी. आठवडाभर घरच्या ओट्यावर पटिंग, आणि भात कापल्यावर रिकाम्या कुणग्यात चिप. येताना वहीत लिहून आणायची: मागच्या राउंडला तीन पट किती होलना लागले, बंकरमधून बाहेर यायला किती फटके गेले, कुठल्या क्लबने घात केला. तिच्याच वयाच्या, समोरच्या इमारतीत राहणाऱ्या मुली रोज येऊन बादलीभर बॉल मारून जायच्या. दोन हिवाळ्यांनंतर रोह्याचं कार्ड त्यांच्या खाली गेलं. याचा अर्थ मैदानाजवळ राहण्यात फायदा नाही असा नाही. तीच मुलगी मैदानाशेजारी असती तर कुठे गेली असती, हे मलाही कधी कधी वाटतं. पण मैदान जवळ आहे म्हणून खेळ आपोआप होत नाही, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

कार्डं जमायला लागली की हॅन्डिकॅप काढून घ्या, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला. इंडियन गोल्फ युनियनशी जोडलेल्या क्लबमार्फत तो मिळतो. चोपन्न होलची कार्डं झाली की पहिला आकडा येतो. जास्तीत जास्त ५४, आणि पुढे शेवटच्या वीस राउंडांपैकी चांगल्या आठांच्या सरासरीवर तो बदलत राहतो. मैदान किती अवघड आहे तेही त्यात धरलेलं असतं, म्हणून खारघरची मुलगी आणि बेंगळुरूची मुलगी एकाच मापाने मोजता येतात. तुमच्यासाठी हा आकडा कोचच्या कौतुकापेक्षा खूप खरा. त्यानंतर युनियनच्या वयोगटांच्या स्पर्धा. पहिल्या दोन-तीन स्पर्धांत ती शेवटून मोजावी अशी येईल, तेव्हा निकालपत्र नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. खूप पुढे गेली तर वुमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडियाच्या देशांतर्गत टूरवर व्यावसायिक खेळाडूंबरोबर हौशी मुलीही खेळतात, ती पायरी आहेच.

स्पर्धेत तुमचं काम काय, ते ऐका, कारण बाप लोक इथेच घोळ घालतात. मुलांच्या स्पर्धांत पालकांना बऱ्याचदा दोरीबाहेर ठेवतात, कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा सोबती, म्हणूनही घेत नाहीत. एका स्पर्धेत एक गृहस्थ बांबूच्या बेटाआड उभे राहून बोटांनी खुणा करत होते, पाच बोटं आणि दोन बोटं, म्हणजे सात नंबर घे. मुलीचा बॉल पाण्यात गेला. तिने पाण्याकडे बघितलंच नाही, आधी बांबूकडे बघितलं. नियमाप्रमाणे सल्ला फक्त आपल्या कॅडीकडूनच घेता येतो, दुसऱ्या कुणाकडे मागितला की दोन फटक्यांचा दंड. आणि दंड राहू द्या, ज्या मुलीला क्लब बापाने निवडून द्यावा लागतो तिला पंधराव्या होलला एकटीने निर्णय घेता येत नाही. अदितीबरोबर रिओला वडील कॅडी होते आणि टोकियोला आई, हे खरं. पण ते बॅग उचलत होते, फटका निवडणारी ती होती. तुम्ही पाणी द्या, छत्री धरा, जमल्यास गप्प बसा.

कार्डाबद्दल मुलीला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट: खरा आकडा लिहायचा. स्पर्धेत तुझं कार्ड दुसरी खेळाडू लिहिते, तू तपासून सही करायची. एखाद्या होलला घेतलेल्या फटक्यांपेक्षा कमी आकडा लिहिलेला असताना सही करून कार्ड दिलं तर स्पर्धेतून बाद, मग चूक कुणाचीही असो.

खर्चाचं बोलू. क्लब चौदापर्यंत ठेवता येतात, पण तिला चौदा नकोत. लांब फटक्यांसाठी एक वुड किंवा हायब्रीड, सात, नऊ, एक-दोन वेज आणि पटर, एवढा वापरलेला अर्धा सेट पुष्कळ झाला. पुरुषांचा सेट कापून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना हात जोडा. दांडा कापला की तो आणखी ताठ होतो, डोकं जड राहतं आणि मुलगी सगळं अंग टाकून मारायला शिकते. बॉल नवे कोरे घेऊ नका, मैदानावरच्या तळ्यांतून काढलेले स्वस्तात मिळतात आणि सरावाला तेच चांगले. खरा पैसा जातो प्रवासात, मैदानाच्या फीमध्ये, आणि स्पर्धा सुरू झाल्या की परगावच्या मुक्कामात. वर्षाचं पॅकेज आगाऊ भरा म्हणणाऱ्या अकादमीला आधी तीन महिन्यांचे पैसे देऊन बघा. एक दिलासा: २०२२ पासून नियम बदललेत, हौशी खेळाडूला प्रायोजक घेता येतो, हौशीपण जात नाही. पुढे कार्डं बोलायला लागली तर रत्नागिरीतला एखादा व्यापारी प्रवासखर्चाला मदत करेल, आणि शर्टावर त्याचं नाव लावायला हरकत नसेल.

मग अकरावीच का? आपल्याकडे दहावीचं वर्ष आलं की घरात टीव्हीसुद्धा बंद होतो, गोल्फ कुठून चालणार. आत्ता आठवीत बिऱ्हाड हलवलंत तर नवी शाळा, नवी गर्दी, दोन घरांचा खर्च, बागेत तुम्ही एकटे, आणि दोन वर्षांत दहावी समोर. त्या दडपणाखाली मुलगी दर वाईट राउंडनंतर "माझ्यामुळे सगळं झालं" असं मनात धरते. दहावीनंतर कोकणातली निम्मी पोरं तशीही मुंबई-पुण्याला शिकायला जातात. तेव्हा तिने पनवेल, नवी मुंबई किंवा पुण्याचं कॉलेज घेतलं तर ते गोल्फसाठी केलेलं बलिदान वाटत नाही, शिक्षणच वाटतं. गोल्फ पुढे नाही चाललं तरी कुणाला तोंड लपवायला लागत नाही. तोपर्यंत हॅन्डिकॅप एक आकडी होत आला असेल, आणि स्पर्धेतली कार्डं सरावाच्या कार्डांपेक्षा तीन-चार फटक्यांनीच वर असतील, तर बिनधास्त हलवा, गरज पडली तर बेंगळुरूचाही विचार करा. हॅन्डिकॅप पंचवीसवर अडकला असेल तर तिला आयुष्यभर खेळता येईल असा छान खेळ मिळाला, एवढं समजून विज्ञान की वाणिज्य यावर बोलायला बसा. अपवाद एकच: नववीतच तिची कार्डं झपाट्याने खाली आली तर मला किंवा तिच्या कोचला विचारा, तेव्हा गणित वेगळं मांडू.

आजींना सांगा, उन्हात काळी पडेल हे खरं आहे. रुंद टोपी, लांब बाह्या आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन एवढं करता येतं. बाकी काळेपणाला औषध नाही आणि गरजही नाही.

आणि आता पाऊस तोंडावर आहे, तर मामाने दिलेल्या क्लबांचं बघा. खाऱ्या हवेत क्लबचं तोंड लवकर गंजतं. वापरून झाला की कोरड्या फडक्याने पुसायचा, बोटभर खोबरेल नाहीतर मशीनचं तेल फिरवायचं, ग्रिपला तेल लागू द्यायचं नाही. ओला हातमोजा बॅगेत कोंबला तर सकाळी बुरशी धरलेली असते, तो चुलीपासून लांब, वाऱ्यावर टांगा. बॅग जमिनीवर टेकवू नका. पुढची गाडी नवरात्रानंतरची धरा, तोपर्यंत मैदान वाळलेलं असतं, आणि आरक्षण उघडलं की लगेच तिकीट काढून ठेवा.